वीज केंद्राच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करता येतं का? येतं, पण ती उष्णता फुकट नसते

उन्हाळा आला, धरणांतला साठा खाली गेला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. समुद्र एवढा जवळ आहे, किनाऱ्यावर वीज केंद्रं आहेत, ती रोज प्रचंड उष्णता समुद्रात सोडून देतात. मग त्याच उष्णतेवर खारं पाणी गोडं का करत नाहीत?

मलाही हा प्रश्न पडला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे सवयीने स्प्रेडशीट उघडली. ५०० मेगावॉटचा कोळशावरचा एक संच साधारण ६०० मेगावॉट उष्णता कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. चांगल्या ऊर्ध्वपातन प्रकल्पाला हजार लिटर गोड्या पाण्यासाठी अंदाजे ६५ युनिट उष्णता लागते. (१ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास, आपल्या वीज बिलावर असतं तेच.) भागाकार केला आणि उत्तर आलं: दिवसाला साधारण २२ कोटी लिटर. मुंबई महापालिकेच्या मनोरी इथल्या प्रस्तावित निक्षारीकरण प्रकल्पाचा पहिला टप्पा २० कोटी लिटरचा आहे. म्हणजे एका संचाच्या "टाकाऊ" उष्णतेत मनोरीपेक्षा जास्त पाणी, तेही फुकट!

हा हिशोब चुकीचा होता. आकडे बरोबर होते, भागाकारही बरोबर होता, तरी उत्तर चुकीचं. ते का चुकलं हे समजलं की हा सगळा विषय समजतो. म्हणून हा लेख.

## आधी मुद्दा ऊर्जेचा: पाणी गोडं करायला किती लागते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आखातात ते ४० ग्रॅमच्या वर जातात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. म्हणजे ३५,००० मिलिग्रॅमवरून ५०० च्या खाली यायचं.

यासाठी निसर्गाने एक किमान किंमत ठरवून दिली आहे. समुद्रातून घेतलेल्या पाण्यापैकी निम्मं गोडं करून काढायचं असेल, तर हजार लिटरमागे १ युनिटपेक्षा थोडी जास्त ऊर्जा लागणारच. कितीही हुशार मशीन बनवा, त्याच्या खाली जाता येत नाही.

आता प्रत्यक्षातले तीन आकडे बघा.

नुसतं उकळून: पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायचं, सगळ्याची वाफ करायची आणि वाफेतली उष्णता सोडून द्यायची. हजार लिटरला साधारण ७०० युनिट उष्णता. हे कोणी करत नाही.

वाफेची उष्णता पुन्हा पुन्हा वापरून: हेच काम ६५ ते ७५ युनिट उष्णतेत होतं. पंपांची वीज वेगळी.

आरओने: उकळायचंच नाही. पाणी ५५ ते ७० बार दाबाने पडद्यातून ढकलायचं. (कारच्या टायरमध्ये २ ते २.५ बार दाब असतो, त्यावरून अंदाज करा.) एवढा दाब लागतो, कारण समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा परासरण दाबच २७ बारच्या आसपास असतो. त्याच्यावर मात करायची आणि वर वेगही ठेवायचा. आधुनिक प्रकल्पात समुद्रातून पाणी उचलण्यापासून सगळं धरून हजार लिटरला ३ ते ४ युनिट वीज लागते.

इथे लगेच "६५ कुठे आणि ३.५ कुठे, विषय संपला" असं म्हणायचा मोह होतो. पण ६५ युनिट उष्णता आहे आणि ३.५ युनिट वीज आहे. दोन्ही एका तराजूत तशाच टाकता येत नाहीत. हीच तुलना पुढे नीट करायची आहे.

## साखर कारखान्याचं को-जन आणि समुद्राचं पाणी

वीज आणि पाणी एकत्र करण्याची कल्पना महाराष्ट्रातल्या माणसाला अजिबात परकी नाही. आपल्या साखर कारखान्यांतलं को-जन म्हणजे हेच.

कारखान्यात बगॅस जाळून बॉयलरमध्ये जास्त दाबाची वाफ करतात. ती आधी टर्बाइनमधून जाते आणि वीज तयार होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली, कमी दाबाची पण अजून गरम असलेली वाफ रस आटवायला जाते. रस आटवण्याची भांडी एकामागे एक असतात. पहिल्या भांड्यात रसाची जी वाफ होते, तिच्यावर दुसरं भांडं उकळतं, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरं. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणून कमी तापमानालाही रस उकळतो.

ही पद्धत अमेरिकेतल्या लुइझियानामध्ये नॉर्बर्ट रिल्यू या अभियंत्याने साखरेसाठीच विकसित केली, १८४० च्या दशकात. आता उसाच्या रसाच्या जागी समुद्राचं पाणी घाला. कारखान्यात आपल्याला घट्ट झालेला रस हवा असतो आणि वाफेचं झालेलं पाणी दुय्यम असतं. इथे उलट: वाफेचं पाणी हवं आणि घट्ट झालेलं खारं पाणी परत समुद्रात. या पद्धतीचं नाव मल्टी-इफेक्ट डिस्टिलेशन, म्हणजे एमईडी. यात सगळ्यात गरम भांडं साधारण ६५ ते ७० अंशांवर ठेवतात. त्यापेक्षा गरम केलं तर नळ्यांवर क्षारांचा थर जोरात बसायला लागतो, आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच.

दुसरी पद्धत मल्टी-स्टेज फ्लॅश, एमएसएफ. ही समजायला कुकर आठवा. कुकरमधलं पाणी १०० अंशांच्या वर गेलेलं असतं, पण दाबामुळे त्याची सगळी वाफ होत नाही. शिट्टी उचलली की दाब एकदम पडतो आणि आतलं पाणी स्वतःच्याच उष्णतेवर भसाभस उकळतं. एमएसएफमध्ये खारं पाणी ९० ते १२० अंशांपर्यंत तापवून एका मोठ्या खोलीत सोडतात, तिथे दाब कमी असतो, थोड्या पाण्याची लगेच वाफ होते. उरलेलं पाणी पुढच्या खोलीत, तिथे दाब अजून कमी, पुन्हा थोडी वाफ. अशा वीसेक किंवा त्याहून जास्त खोल्या.

प्रत्येक खोलीत वरच्या बाजूला नळ्या असतात आणि त्यांतून समुद्राचं थंड पाणी येत असतं. वाफ त्या नळ्यांवर थंड होऊन गोडं पाणी खाली जमा होतं आणि जाता जाता आपली उष्णता येणाऱ्या पाण्याला देऊन जाते. त्यामुळे शेवटी बाहेरून द्यायची उष्णता थोडीच उरते. बॉयलरच्या एक किलो वाफेमागे आठ-नऊ किलो गोडं पाणी मिळतं.

## मग उष्णता फुकट का नाही?

आता माझ्या चुकीकडे येऊ.

वीज केंद्राच्या शेवटच्या टर्बाइनमधून वाफ बाहेर पडते तेव्हा ती साधारण ४० अंशांवर असते. कंडेन्सरमध्ये जवळजवळ निर्वात असतं, वातावरणाच्या दाबाचा साधारण चौदावा भाग. वाफेतून जेवढं काम काढून घेता येईल तेवढं काढूनच ती सोडलेली असते. त्या ६०० मेगावॉट उष्णतेचं तापमान ४० अंश आहे, आणि एमईडीला ७० अंश हवेत, एमएसएफला १२०. मी उष्णतेचं प्रमाण मोजलं, तिची पातळी मोजलीच नाही.

कोयना प्रकल्प डोळ्यासमोर आणा. कोयनेचं पाणी पश्चिमेला सह्याद्रीवरून खाली येतं आणि वीज तयार करतं. ते पाणी कोळकेवाडीला अडवून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज काढतात, आणि मग ते वाशिष्ठी नदीत जातं. वाशिष्ठीत आलेलं अवजल कोणी वापरलं तर विजेचं काहीच नुकसान नाही. पण कोळकेवाडीच्या वरूनच पाणी वळवलं, तर? पाणी तेवढंच मिळेल, पण तिसऱ्या टप्प्याची वीज गेली.

वाफेचंही तसंच. ४० अंशांची वाफ म्हणजे वाशिष्ठीतलं अवजल. ७० अंशांची वाफ हवी असेल, तर टर्बाइनमधून ती शेवटपर्यंत पोहोचायच्या आधीच काढून घ्यावी लागते. १२० अंशांची हवी असेल, तर अजून वरून. त्या वाफेने पुढे जी वीज दिली असती, ती बुडते. ती बुडालेली वीज हीच उष्णतेची खरी किंमत.

आता पुन्हा हिशोब करू. ७० अंशांवरून ४० अंशांपर्यंत येताना उष्णतेचा जास्तीत जास्त ९ टक्क्यांच्या आसपास भाग वीज होऊ शकला असता. टर्बाइनमधले तोटे धरून ७.५ टक्के म्हणू. ६५ युनिटचे ७.५ टक्के म्हणजे जवळपास ५ युनिट वीज. त्यात एमईडीच्या पंपांची दीड-दोन युनिट मिळवा. हजार लिटरला साडेसहा ते सात युनिट.

एमएसएफला ७२ युनिट उष्णता १२० अंशांवर लागते असं धरलं, तर बुडालेली वीज १२ युनिटच्या वर जाते. एमएसएफमध्ये खारं पाणी सतत फिरवावं लागतं, त्या पंपांची अजून साडेतीन-चार युनिट. एकूण सोळाच्या आसपास.

आणि आरओ? ३.५ युनिट.

माझ्या त्या "फुकट" २२ कोटी लिटरसाठी एमईडी प्रकल्पाने वीज केंद्राची साठेक मेगावॉट वीज खाल्ली असती. तेवढंच पाणी आरओने ३२ मेगावॉटमध्ये झालं असतं. फुकट वाटणारा पर्याय दुप्पट महाग निघाला.

## तरी एकत्र करण्यात फायदा आहेच

वरचं वाचून को-जन म्हणजे फसवणूक आहे असं वाटू शकतं. तसं नाही. तुलना कशाशी करतो यावर सगळं आहे.

समजा, आरओ उपलब्धच नाही आणि पाणी ऊर्ध्वपातनानेच करायचं आहे. नुसता बॉयलर लावून एमएसएफ चालवला, तर ७२ युनिट उष्णतेसाठी साधारण ८० युनिट इंधन जाळावं लागेल. तीच उष्णता वीज केंद्रातून घेतली, तर बुडते फक्त १२-१३ युनिट वीज, आणि ती भरून काढायला लागतं साधारण ३३ युनिट इंधन. म्हणजे निम्म्याहून जास्त इंधन वाचलं. कारण जळत्या गॅसची हजार-दीड हजार अंशांची उष्णता थेट पाणी तापवायला वापरणं म्हणजे चांगल्या गोष्टीची नासाडी. आधी तिच्याकडून वीज काढायची आणि मग उरलेलं पाण्याला द्यायचं, हे केव्हाही शहाणपणाचं.

आखाती देशांनी नेमकं हेच केलं. त्यांनी सुरुवात केली तेव्हा आरओ हा पर्यायच नव्हता. समुद्राच्या पाण्यासाठी उपयोगी पडेल असा पहिला चांगला पडदा सिडनी लोब आणि श्रीनिवास सुरीराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास बनवला आणि तो मोठ्या प्रकल्पांत भरवशाने वापरायला पुढे कित्येक वर्षं गेली. कुवेतमध्ये तर त्याआधी शत अल-अरब नदीचं गोडं पाणी गलबतांतून आणत. तेल सापडलं, शहरं वाढली, वीज आणि पाणी दोन्ही एकदमच हवं होतं. गॅस स्वस्त होता. मग एकाच आवारात दोन्ही.

दुबईचं जेबेल अली हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. गॅसवरची साडेनऊ हजार मेगावॉटपेक्षा जास्त वीज आणि दिवसाला ४९ कोटी इंपीरियल गॅलन, म्हणजे जवळपास २२० कोटी लिटर पाण्याची क्षमता एकाच ठिकाणी. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त. दुबईत राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांच्या नळाला येणारं पाणी बहुतेक याच आवारातून येतं.

## थंडीत काय करायचं?

दोन गोष्टी एकत्र बांधल्या की एक नवीन अडचण येते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला घट्ट जोडणी म्हणतो: एकाचा वेग बदलला की दुसऱ्याचा बदलावाच लागतो.

आखातात उन्हाळ्यात विजेची मागणी एसीमुळे प्रचंड वाढते. थंडीत एसी बंद होतात आणि मागणी खूप खाली येते. पाण्याची मागणी मात्र वर्षभर जवळपास सारखीच. वाफ फक्त टर्बाइन चालू असतानाच मिळणार असेल, तर थंडीत काय करायचं? पाण्यासाठी वीज केंद्र चालवायचं, म्हणजे नको असलेली वीज तयार होते. किंवा टर्बाइनला वळसा घालून बॉयलरची वाफ थेट पाण्याकडे द्यायची, म्हणजे पुन्हा तीच ८० युनिटवाली नासाडी.

सौरऊर्जा वाढल्यावर हे अजून अवघड झालं. दुपारी सौर वीज स्वस्तात मिळत असताना फक्त पाण्यासाठी गॅस जाळायचा, हे कोणालाच परवडत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे मिश्र प्रकल्प. संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे २००० च्या दशकात सुरू झालेल्या प्रकल्पात साधारण ६० टक्के पाणी एमएसएफमधून आणि उरलेलं आरओमधून येईल अशी रचना केली. वीज जास्त झाली की आरओ जोरात चालवायचा. सौदी अरेबियातलं रास अल-खैरही असंच: २४०० मेगावॉट वीज, दिवसाला १०० कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी, एमएसएफ आणि आरओ दोन्ही.

मिश्रणाचे आणखी फायदे आहेत. समुद्रातून पाणी घ्यायची आणि परत सोडायची व्यवस्था एकच पुरते. एमएसएफचं पाणी अतिशय शुद्ध असतं, आरओच्या पाण्यात थोडे क्षार राहतात. दोन्ही मिसळलं की आरओवर फार ताण न देता मानक गाठता येतं. आणि कोमट पाणी आरओच्या पडद्यातून सहज जातं, म्हणून कंडेन्सरमधून तापून आलेलं पाणीच आरओला देता येतं.

दुसरा उपाय जास्त सरळ: जोडणीच सोडून द्यायची. आता आखातातले नवे मोठे प्रकल्प आरओचेच आहेत. अबुधाबीच्या ताविला इथला एकच आरओ प्रकल्प दिवसाला ९० कोटी लिटरचा आहे. दुबईनेही वीज आणि पाणी वेगळं करायचं धोरण घेतलं आहे.

मग ऊर्ध्वपातन इतकी वर्षं टिकलं कसं? कारण त्याला पाणी कसं आहे याची फारशी पर्वा नसते. २००८-०९ मध्ये आखात आणि ओमानच्या समुद्रात सूक्ष्म शेवाळाची लाल भरती आली. आरओचे पडदे आणि गाळण्या तुंबल्या, काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. ऊर्ध्वपातनवाले मात्र बऱ्यापैकी चालू राहिले. ज्या शहराकडे दुसरा पाणीसाठाच नाही, त्याच्यासाठी या फरकाची किंमत युनिटमध्ये मोजता येत नाही.

## अणुभट्टीची उष्णता: अक्ताउ, तुर्भे, कल्पाक्कम

उष्णता कोळशाची असो, गॅसची असो की अणुभट्टीची, पाण्याला फरक पडत नाही. कझाकस्तानात कॅस्पियन समुद्राच्या काठावर अक्ताउ नावाचं शहर आहे, सोव्हिएत काळातलं शेव्हचेन्को. तिथे गोडं पाणी जवळपास नाहीच. १९७३ ते १९९९ अशी २६ वर्षं तिथल्या बीएन-३५० या अणुभट्टीने शहराला वीजही दिली आणि दिवसाला ८ कोटी लिटरपर्यंत पाणीही. जपानमध्ये काही अणुवीज केंद्रांत छोटे निक्षारीकरण प्रकल्प आहेत, पण ते मुख्यतः केंद्राच्या स्वतःच्या गरजेपुरते.

भारतात हे काम भाभा अणुसंशोधन केंद्राने केलं. तुर्भे इथल्या सायरस या संशोधन भट्टीला कमी तापमानावर चालणारा, दिवसाला ३० हजार लिटरचा छोटा प्रकल्प जोडला होता. सायरस २०१० च्या शेवटी कायमची बंद झाली.

मोठा प्रयोग तमिळनाडूत कल्पाक्कमला आहे, मद्रास अणुवीज केंद्राला जोडलेला. एकूण ६३ लाख लिटरचा मिश्र प्रकल्प: ४५ लाख एमएसएफ, १८ लाख आरओ. आरओचा भाग २००२ मध्ये सुरू झाला, एमएसएफचा त्यानंतर काही वर्षांनी. टर्बाइनमधून काढलेली कमी दाबाची वाफ एमएसएफला उष्णता देते.

इथे पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: किरणोत्सर्ग पाण्यात आला तर? म्हणून केंद्राची वाफ आणि समुद्राचं पाणी यांच्यामध्ये आणखी एक बंद वर्तुळ ठेवलेलं असतं. केंद्राची वाफ त्या मधल्या वर्तुळातल्या पाण्याला तापवते आणि ते पुढे खाऱ्या पाण्याला. एखादी नळी फुटली तरी दोन्ही टोकं एकमेकांना थेट भेटत नाहीत. शिवाय पाणी तपासूनच पुढे सोडतात.

## शेजारी राहायचं, पण वाफ मागायची नाही

आणखी एक प्रकार आहे. वाफ घ्यायचीच नाही. आरओ प्रकल्प वीज केंद्राच्या शेजारी बांधायचा आणि फक्त समुद्राच्या पाण्याची व्यवस्था वाटून घ्यायची.

आरओमध्ये घेतलेल्या पाण्यापैकी साधारण ४० ते ४५ टक्के गोडं होतं. उरलेल्या पाण्यात क्षार जवळपास दुपटीच्या दिशेने वाढलेले असतात, लिटरला ६० ग्रॅमच्या आसपास. ते जड असतं, तळाशी बसतं आणि तिथल्या जीवांना त्रास देतं. वीज केंद्र थंड करायला घेतलेलं पाणी याच्या कितीतरी पट असतं. त्यात हे मिसळून सोडलं की क्षारांची वाढ नगण्य होते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा बे इथे बिग बेंड वीज केंद्राशेजारी हेच केलं आहे.

पण यातही एक धडा आहे. कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडला एन्सिना वीज केंद्राशेजारी दिवसाला १९ कोटी लिटरचा आरओ प्रकल्प डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाला. तीनच वर्षांत, २०१८ च्या शेवटी, ते जुनं वीज केंद्र बंद झालं. मिसळायला पाणीच उरलं नाही. निक्षारीकरण प्रकल्पाला पाणी घेण्या-सोडण्याची स्वतःची व्यवस्था उभी करावी लागली. पाणी शहराला पन्नास वर्षं लागणार असतं. शेजारचा कोळशाचा किंवा गॅसचा संच तेवढा टिकेलच असं नाही.

## खरोखर टाकाऊ उष्णता वापरायची असेल तर?

वाशिष्ठीचं अवजल, म्हणजे ४० अंशांचीच उष्णता वापरता येत नाही का? येते. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने, एनआयओटीने, ते करून दाखवलं.

त्यांची मूळ पद्धत लक्षद्वीपमधली. कवरत्तीला २००५ मध्ये त्यांनी दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प उभारला. समुद्राच्या पृष्ठभागावरचं साधारण २८ अंशांचं पाणी जवळजवळ निर्वात भांड्यात सोडायचं, थोड्याची वाफ होते, आणि ती वाफ साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने थंड करायची. हीच कल्पना त्यांनी उत्तर चेन्नई औष्णिक वीज केंद्रात वापरली. तिथे कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी समुद्रापेक्षा ८ ते १० अंश गरम असतं. तेवढ्याच फरकावर दिवसाला दीड लाख लिटरचा प्रकल्प चालवला. टर्बाइनमधून वाफ घेतली नाही, विजेचं उत्पादन बुडालं नाही.

अडचण प्रमाणाची आहे. पाणी ५-६ अंशांनी थंड होताना त्याच्या शंभराव्या भागाची कशीबशी वाफ होते. म्हणजे हजार लिटर गरम पाणी फिरवलं की हातात येतं ८ ते १० लिटर. भांडी अवाढव्य लागतात, निर्वात राखायला आणि पाणी फिरवायला पंपांची वीज लागते. केंद्राच्या बॉयलरला शुद्ध पाणी हवं असतं, कॉलनीला प्यायला हवं असतं, तेवढ्यासाठी हे उत्तम. शहर यावर चालणार नाही.

## मग आपल्याकडे काय?

मनोरीचा प्रकल्प आरओचा आहे आणि वरचा हिशोब बघता ते बरोबरच आहे. २० कोटी लिटरला ३.५ युनिटप्रमाणे रोज ७ लाख युनिट वीज लागेल, सतत चालणारी साधारण २९ मेगावॉट. ही वीज कमी नाही, पण वाफेवर केलं असतं तर याच्या दुप्पट गेली असती आणि शिवाय शहराचं पाणी एका वीज संचाच्या आयुष्याला बांधलं गेलं असतं.

वीज केंद्राशी नातं कुठे जोडावं, हे माझ्या मते असं: केंद्राच्या स्वतःच्या शुद्ध पाण्यासाठी, जिथे ते नदीचं किंवा धरणाचं पाणी घेतं तिथे, जरूर. पाणी घेण्या-सोडण्याची व्यवस्था वाटून घेता येत असेल, तर तीही, पण केंद्र किती वर्षं चालणार हे विचारून. पूर्ण शहराची तहान वाफेवर भागवायची, तर फक्त तिथे जिथे समुद्राचं पाणी आरओला झेपत नाही.

पुढच्या वेळी "टाकाऊ उष्णतेवर गोडं पाणी" अशी बातमी दिसली की तीन प्रश्न विचारा. ही उष्णता किती अंशांवर घेतली आहे? त्यामुळे किती वीज बुडाली? आणि वीज केंद्र बंद असेल त्या दिवशी पाणी कुठून येणार? तिन्हींची उत्तरं बातमीत असतील, तर प्रकल्प नीट वाचण्यासारखा आहे. "फुकट" हा शब्द असेल, तर माझी स्प्रेडशीट आठवा. तिच्यातही सगळे आकडे बरोबरच होते.